नंबरचा गॉगल हिमनदीवर: कोणता घ्यावा, कोणता दुकानातच ठेवावा

छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी असो, लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, चष्म्याच्या दुकानात "बर्फावर जायचंय, नंबरचा गॉगल करून द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट पुढे येते: रोजच्या फ्रेममध्ये तपकिरी किंवा राखाडी काच, ८५ टक्के टिंट. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाला हा गॉगल पुरतो. केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकवर झाडीतल्या वाटेने जाताना निभावून नेतो. उत्तरकाशीच्या 'निम' या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स, मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर किंवा लडाखमधलं कांग यात्से अशा ठिकाणी दिवसभर बर्फावर राहायचं असेल तर मात्र तो कमी पडतो.

आधी त्या टक्केवारीचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. दुकानदार ८५ टक्के म्हणतो तेव्हा काच ८५ टक्के उजेड अडवते, म्हणजे १५ टक्के आत येतो. गॉगलच्या आंतरराष्ट्रीय मानकात काचा आत येणाऱ्या उजेडावर ठरतात: १८ ते ४३ टक्के आत येत असेल तर कॅटेगरी २, ८ ते १८ टक्के असेल तर कॅटेगरी ३, आणि ३ ते ८ टक्के असेल तर कॅटेगरी ४. म्हणजे आपला ८५ टक्केवाला गॉगल कॅटेगरी ३ मध्ये बसतो. ८० टक्के टिंट घेतला तर २० टक्के उजेड आत आला, ती झाली कॅटेगरी २. हिमनदीवर कॅटेगरी ४ लागते, म्हणजे दुकानाच्या भाषेत किमान ९२ टक्के टिंट. इतका गडद टिंट बरीच दुकानं स्वतःहून सुचवतच नाहीत, कारण तो घालून गाडी चालवता येत नाही. मानकाप्रमाणेही कॅटेगरी ४ ड्रायव्हिंगसाठी निषिद्ध आहे. त्यामुळे हा गॉगल रोजच्या वापराला चालेल ही आशा पहिल्यापासूनच सोडावी.

गडदपणा म्हणजे मात्र संरक्षण नव्हे. डोळ्याला इजा करतात ते अतिनील किरण, आणि ते अडवण्याचं काम काचेच्या मटेरियलचं किंवा त्यावरच्या कोटिंगचं असतं, रंगाचं नाही. अतिनील न अडवणारी काळी काच साध्या पारदर्शक काचेपेक्षाही वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना जास्त वाट मिळते. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. लातूर सहाशे-साडेसहाशे मीटरवर आहे, फ्रेंडशिप शिखर ५,२८९ मीटरवर. नुसत्या उंचीच्या हिशेबाने चाळीस टक्क्यांहून जास्त वाढ झाली. त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. आपल्या शेतातल्या काळ्या मातीचा यात काहीच त्रास नसतो, म्हणून टोपीच्या झापेवर भागतं. बर्फावर ऊन खालून येतं. टोपी, भुवया, पापणीची सावली, सगळं तिथे निकामी.

हिमांधत्व यातूनच होतं. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतो, पण त्या वेळी काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे तंबूत शिरल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सोसत नाही. बहुतेकांचं एक ते तीन दिवसांत बरं होतं, पण हे दिवस तुम्ही डोंगरावर आंधळे असता. ढगाळ दिवशी हे जास्त घडतं. ऊन दिसत नाही म्हणून लोक गॉगल कपाळावर चढवतात, आणि पातळ ढगातून अतिनील किरण आरामात खाली येतात.

म्हणून गॉगल बघताना क्रम असा ठेवावा: अतिनील पूर्ण अडवणं, म्हणजे चारशे नॅनोमीटरपर्यंत, मग बाजूने आणि खालून येणारा उजेड बंद होणं, मग गडदपणा. दुकानात निवड नेमकी उलट्या क्रमाने होते.

आता नंबरवाल्यांची खरी अडचण. बाजारातले चेहऱ्याला वेढणारे स्पोर्ट गॉगल बाजू चांगल्या झाकतात, पण त्यांची काच जास्त फुगीर असते. रोजच्या चष्म्याचा फुगवटा साधारण ४ ते ६ बेसचा असतो, या गॉगलचा ८ बेसचा. शिवाय प्रत्येक काच कानाकडे वळलेली. नंबरची काच वळवली की नंबरच बदलतो. उदाहरणार्थ -४ ची काच २० अंश वळवून बसवली, तर डोळ्याला ती साधारण -४.१६ लागते आणि वर अर्ध्याहून थोडा जास्त सिलिंडर (तिरपा) नंबर फुकट चिकटतो. १० अंशांवर तोच सिलिंडर पाव नंबरच्या निम्मा राहतो. -२ वाल्याला २० अंशांवरही पाव नंबरच्या आसपासच फरक पडतो. म्हणजे -२ पर्यंत फारसं बिघडत नाही. -४ वर कडेला जमीन वाकडी दिसते आणि क्रॅम्पॉन (बुटाखालचे लोखंडी काटे) कुठे पडतोय याचा अंदाज चुकतो. चांगली लॅब या वळणाचा हिशेब करून काच घासून देते. तिला फ्रेमचा वळणाचा कोन, समोरचा झुकाव आणि काच-डोळा अंतर कळवावं लागतं. ही मापं न घेता "वेढणाऱ्या फ्रेममध्ये नंबर बसवून देतो" म्हणणाऱ्या दुकानात ऑर्डर देऊ नये.

वेढणारी फ्रेम बघताना विचारायचा आणखी एक प्रश्न: या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती नंबर बसतो? बहुतेक उत्पादक साधारण ±४ च्या पुढे टाळाटाळ करतात, आणि सिलिंडर २ च्या वर गेला की तर नक्कीच. ती टाळाटाळ योग्यच आहे.

त्यामुळे नंबरवाल्यांसाठी आमची पहिली पसंती जुन्या धाटणीच्या गोल फ्रेमला: सपाट किंवा कमी वळणाची, बाजूला चामड्याचे किंवा रबराचे काढता येणारे पडदे, आणि कानामागे वळणाऱ्या दांड्या. फ्रान्सच्या जुल्बो कंपनीची व्हर्माँट ही याच घराण्यातली. दिसायला जुनाट, पण नंबरच्या काचेला यापेक्षा मानवणारी फ्रेम नाही. काच सपाट बसते, त्यामुळे नंबर बिघडत नाही. काच लहान, त्यामुळे कड पातळ. साध्या प्लास्टिकच्या काचेत, मध्ये २ मिमी जाडी धरली तर, -४ ची ५० मिमी गोल काच कडेला सुमारे साडेचार मिमी होते. ६६ मिमी रुंद काच तीच कड साडेसहाच्या घरात नेते, आणि ती वेढणाऱ्या फ्रेमच्या खाचेत मावत नाही. बाजू बंद करायचं काम पडदे करतात, काचेला वाकायची गरज राहत नाही. तोटा एवढाच की पडदे लावून कडेचं दिसत नाही, मान वळवावी लागते.

असं काही हाताशी नसेल तर गावातल्याच दुकानातली टीआर-९० ची (लवचिक प्लास्टिकची), मध्यम आकाराची, वळण कमी असलेली फ्रेम घ्यावी आणि बाजूचे पडदे चांभाराकडून मऊ चामड्याचे शिवून घ्यावेत. पडद्याला पाच-सहा बारीक छिद्रं हवीत, नाहीतर आत वाफ कोंडते. पूर्ण धातूची फ्रेम नको. गोठवणाऱ्या हवेत उघडा धातू कातडीला चिकटतो आणि भाजतो. नाकाच्या पॅड सिलिकॉनच्या असाव्यात.

काचेचं मटेरियल हा मुद्दा दुकानदार "सगळं सारखंच" म्हणून गुंडाळतो. तसं नाही. साधं प्लास्टिक, म्हणजे सीआर-३९, स्वस्त आहे, नजर स्वच्छ देतं आणि गरम रंगाच्या टाकीत बुडवून त्याला हवा तेवढा गडद टिंट चढतो. पण बर्फाचा तुकडा किंवा कुऱ्हाडीचं टोक लागलं तर तडकतं, आणि अतिनीलसाठी वेगळं कोटिंग मागून घ्यावं लागतं. पॉलीकार्बोनेट फुटत नाही आणि अतिनील स्वतःच अडवतं, पण त्याच्या अंगात रंग शिरत नाही, फक्त वरच्या थरात बसतो. म्हणून ९२ टक्क्यांपुढचा टिंट गावातली लॅब त्यात सहसा देऊ शकत नाही. शिवाय कडेकडे पॉलीकार्बोनेटमध्ये रंगांची झालर दिसते. ट्रायवेक्स तिसरं: मजबूत, वजनाला सगळ्यांत हलकं, नजरेला पॉलीपेक्षा स्वच्छ. पैसे असतील तर हेच. १.६७ इंडेक्सची पातळ काच -६ च्या पुढच्यांना ठीक, पण कड पातळ दिसावी एवढ्यासाठी -३ वाल्याने तिच्यामागे लागू नये.

टिंट करताना दोन्ही काचा एकाच वेळी टाकीत बुडवायला सांगा, नाहीतर एक काच दुसरीपेक्षा गडद येते. रंग तपकिरी किंवा करडा-तपकिरी. ढगाळ दिवशी बर्फातले चढउतार आणि फटी त्यात उठून दिसतात. राखाडी रंग खरे दाखवतो, पण सपाट उजेडात मदत करत नाही. निळा, गुलाबी, ग्रेडियंट यांचा प्रश्नच नाही. ग्रेडियंट काच खाली फिकी असते आणि बर्फाचा उजेड खालूनच येतो. काचेच्या मागच्या बाजूला अँटी-रिफ्लेक्शन मात्र जरूर घ्या, नाहीतर गडद काचेत स्वतःचाच डोळा दिसत राहतो. आरसा-कोटिंग हौस म्हणून ठीक. ओरखडे लवकर दिसतात. पोलराइज्ड काचेबद्दल मतं दोन आहेत. चकाकी ती छान मारते, पण त्या चकाकीवरूनच कडक निळा बर्फ ओळखायचा असतो, आणि मोबाइल, जीपीएस किंवा घड्याळाचा पडदा एका कोनात काळा दिसतो. दोरी बांधून बर्फावर चालणाऱ्याने पोलराइज्ड टाळावं, असं आम्ही सांगू.

फोटोक्रोमिक काचांचा मराठवाड्यात भलताच खप आहे, त्यामुळे "माझी काच उन्हात आपोआप काळी होते" हे उत्तर नेहमी येतं. साधी फोटोक्रोमिक काच फार तर कॅटेगरी ३ पर्यंत पोहोचते, आणि पडदे नसलेल्या फ्रेममध्ये तिचा उपयोग बेस कॅम्पपर्यंतच. गिर्यारोहणासाठीच्या २ ते ४ कॅटेगरीत बदलणाऱ्या काचा वेगळ्या. जुल्बोच्या रिअॅक्टिव्ह काचा तशा मिळतात. त्या चांगल्या आहेत, पण नंबरसह भारतात मिळवायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: ही काच थंडीत जास्त काळी होते आणि उकाड्यात कमी. त्यामुळे ४२ अंशांत दुकानाबाहेर उभं राहून केलेली चाचणी तिला कमी लेखते. उलट थंडीत ती परत फिकी व्हायला वेळ घेते. आपल्या हवेत किती वेळ लागतो, हे बघायचं असेल तर देवगिरी किल्ल्यावर अंधारीच्या (तिथल्या काळोख्या भुयारी वाटेच्या) तोंडाशी थांबून बघा, थंडीत त्याहून जास्त धरा. आत मात्र गॉगल काढूनच जा.

गॉगलच्या आत नंबरची छोटी फ्रेम अडकवायची सोय काही कंपन्या देतात. नंबर जास्त असेल, सिलिंडर मोठा असेल तर हा पर्याय मोहवतो: बाहेरची काच कारखान्यातली कॅटेगरी ४, आतली साधी पारदर्शक, कुठल्याही दुकानात बनणारी. अडचण वाफेची. दोन काचा म्हणजे चार पृष्ठभाग, मध्ये हवा कोंडलेली. चढावर श्वास वाढला की आतली काच आधी धुरकट होते आणि ती पुसायला सगळं उतरवावं लागतं. आतली काच डोळ्याच्या फार जवळ येते, पापण्या घासतात. मोठ्या नंबरवाल्यांनी त्या अंतराचाही हिशेब करून घ्यावा: -६ ची काच नेहमीपेक्षा ६ मिमी जवळ आली तर सुमारे पाव नंबर जास्त लागते, म्हणून -५.७५ पुरते. थोडक्यात, -५ च्या आत असाल तर याच्या नादी लागू नका.

चष्म्यावरून घालायचे डबा-गॉगल स्वस्त असतात, पण बरेचसे कॅटेगरी ३ चे. राखीव म्हणून सॅकमध्ये असावा, मुख्य म्हणून नाही. रस्त्याकडेचे दुचाकीवाल्यांचे तसले गॉगल अतिनीलच्या खात्रीशिवाय असतात, ते नकोत. चष्म्यावर बसणारा स्की गॉगल मात्र वादळात आणि उडत्या बर्फात कामाचा. चष्म्याच्या दांड्या जातील अशी कडेला खाच आहे ना, तेवढं बघा.

-५ च्या पुढच्यांना आमचं उत्तर कॉन्टॅक्ट लेन्स, आणि वर बिननंबरचा कॅटेगरी ४ गॉगल. नजर पूर्ण मिळते, गॉगल कोणताही चालतो. रोज नवी घालून टाकून द्यायची लेन्स घ्या. महिन्याची लेन्स, तिची डबी, तिचं पाणी हे तंबूत सांभाळणं अवघड, आणि पाणी गोठतं. पाकिटं दिवसा छातीच्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगेत. लेन्स घालून झोपायचं नाही, कितीही थकवा असला तरी. उंचीवरच्या कोरड्या हवेत डोळे सुकतात, म्हणून ओलावा देणारे थेंब सोबत. सवय निघण्याच्या किमान महिनाभर आधी लावावी, आणि आपल्या धुळीच्या उन्हाळ्यात नव्हे तर घरी-ऑफिसात. यूव्ही अडवणारी लेन्स असली तरी ती बुबुळापुरतीच असते, पांढरा भाग उघडा राहतो, तेव्हा गॉगल हवाच.

नंबर घालवायचं ऑपरेशन झालेलं असेल तर कोणत्या पद्धतीचं, ते कागदावर असू द्या. बुबुळावर चिरा देण्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आरके मध्ये, उंचीवर नंबर सरकतो. १९९६ च्या एव्हरेस्टवरच्या वादळात अडकलेले बेक वेदर्स यांची नजर त्याच कारणाने गेली होती. लेसिकमध्ये फरक थोडा पडतो, पण ऑपरेशन नवं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच निघावं.

चाळिशी पार केलेल्यांनी प्रोग्रेसिव्हच्या (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) मोहात पडू नये. गडद काचेत तिची अरुंद मधली पट्टी शोधताना पावलाखालची जमीन पुसट होते. दूरचा एकेरी नंबर घ्या, नकाशा आणि घड्याळासाठी वाचायचा साधा चष्मा खिशात ठेवा.

ऑर्डर देताना कागदावर इतकं लिहून घ्या: दोन्ही डोळ्यांचा नंबर सिलिंडर आणि ॲक्सिससह, प्रत्येक डोळ्याची बाहुली नाकाच्या मध्यापासून किती मिमी (दोन्हींची बेरीज नको, वेगवेगळी), मटेरियल, टिंट किती टक्के, अतिनील ४००, मागचं कोटिंग. नंबरची तपासणी सहा महिन्यांच्या आतली हवी. अशा काचा बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये जातात आणि एखादी परत पाठवावी लागतेच, म्हणून निघण्याच्या सहा आठवडे आधी ऑर्डर द्या.

गॉगल हातात आल्यावर लेन्समीटरवर नंबर तपासून घ्या. गडद काचेत मशीन कधी कुरकुरतं, तरी सोडू नका. टिंट-मीटर असेल तर दोन्ही काचांचं वाचन मागा. दुकानातला जांभळा टॉर्च आणि कार्ड ही ढोबळ चाचणी आहे, तिच्यावर भरवसा ठेवून मानकाचा छाप किंवा लॅबचं लेखी टाळू नये. मग दुपारच्या उन्हाकडे पाठ करून उभे राहा: काचेच्या आतल्या बाजूला उजेड चमकत असेल तर पडदा नीट बसलेला नाही. मोठ्याने हसा, गाल वर येऊन फ्रेमला टेकत असतील तर तिथून वाफ धरणार. हेल्मेट, बफ (गळ्या-तोंडावरची कापडी पट्टी) आणि बालाक्लावा (माकडटोपी) चढवून बघा, दांडी पट्ट्याखाली दबून कानामागे टोचते का ते तेव्हाच कळतं. शेवटी कुठल्याही किल्ल्याच्या पायऱ्या उतरून पाहा. पायरी जवळ किंवा लांब भासत असेल, जमीन वाकलेली वाटत असेल, तर काच लॅबला परत.

वाफेवर फवारे विकले जातात. त्यांचा असर काही तास, पण मूळ दुरुस्ती वेगळी आहे: बफ नाकाखाली ठेवा, श्वास वर काचेकडे जाऊ देऊ नका, आणि घामेजल्यावर थांबून गॉगल कपाळावर चढवू नका; कपाळाची वाफ थेट काचेवर बसते.

सांभाळणं सोपं आहे, पण आपल्याकडे दोन गोष्टी काचा मारतात. एक, उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड; तिथल्या उष्णतेने कोटिंगला जाळीसारख्या भेगा पडतात. दुसरी, उपरण्याच्या टोकाने कोरडं पुसणं. धूळ काचेवर घासली जाते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून पिण्याच्या पाण्याने धुवा. बर्फावर असताना काच बर्फाने घासायची नाही, मऊ कापडच. निघण्याआधी दांड्यांचे स्क्रू घट्ट करून वर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, आणि बारीक स्क्रूड्रायव्हर दोन जादा स्क्रूंसह किटमध्ये ठेवा. गॉगलला मागून दोरी हवीच. काच खाली दरीत गेली की परत येत नाही.

राखीव गॉगल अंगावरच्या जॅकेटमध्ये ठेवा, सॅक घसरू शकते. तोही हरवला तर पुठ्ठ्याची किंवा चिकटपट्टीची पट्टी कापून डोळ्यांसमोर दोन-तीन मिमीची आडवी फट ठेवा आणि ती बांधून उतरायला लागा. नंबर नसलेला हा गॉगल दिसायला विचित्र आहे, पण अरुंद फटीतून -३ वाल्यालाही समोरच्या दोरीचा माणूस बरा दिसतो.